१०० तासांच्या देखभालीनंतर सेस्ना १५२ चा उजवा मॅग्नेटो जास्त ड्रॉप देतो आणि पूर्ण थ्रॉटलला आरपीएम कमी पडतात

गिरणाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी खान्देशातील एका धावपट्टीवर उड्डाणप्रशिक्षण देणाऱ्या संस्थेत परवानाधारक देखभाल अभियंत्यांच्या हाताखाली काम शिकत आहे. मला स्वतःला अद्याप परवाना मिळालेला नाही, त्यामुळे अंतिम निर्णय माझा नसतो. परंतु दोष शोधताना विचार कोणत्या क्रमाने करावा हे मला नीट समजून घ्यायचे आहे.

विमान सेस्ना १५२ आहे आणि इंजिन लायकमिंग ओ-२३५-एल२सी, ११० अश्वशक्तीचे. तपासणीपूर्वी इंजिनाबद्दल कोणतीही तक्रार नव्हती. १०० तासांच्या तपासणीत तेल बदलले, आठही प्लग काढून साफ केले, फटी मोजल्या आणि प्लगांच्या जागा आलटून-पालटून बसवले. उजव्या मॅग्नेटोची (प्लगांना ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या यंत्राची) ५०० तासांची तपासणी आली होती, म्हणून तो बाहेर पाठवून परत आल्यावर बसवला आणि त्याचे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) डेटा प्लेटवरील २० अंशांप्रमाणे लावले. कार्ब्युरेटरखालच्या एअरबॉक्सला (त्याला हवा पुरवणाऱ्या पेटीला) तडा होता. तो काढून दुरुस्त केला आणि एअर फिल्टर नवा घातला. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन ७२/८० च्या वर आले.

आता रन-अपला (उड्डाणापूर्वी जमिनीवर इंजिन चालवून पाहताना) १७०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) फक्त डाव्या मॅग्नेटोवर ठेवल्यास ६० चा ड्रॉप (आरपीएममधील घट) येतो, तर उजव्यावर १६५ चा, आणि उजव्यावर असताना इंजिन स्पष्टपणे थरथरते. दोन्हींवर ठेवले की ते शांत चालते. जमिनीवर उभ्या विमानात पूर्ण थ्रॉटल दिला तर २२३० आरपीएमच मिळतात. मागील नोंदीत हा आकडा २३३० आहे. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब) ओढल्यावर पूर्वी शंभरच्या आसपास आरपीएम उतरत, आता जेमतेम तीस-चाळीस उतरतात. मात्र याचा या तक्रारीशी संबंध आहे की नाही हे मला सांगता येत नाही. मिक्स्चर (इंधनाचे प्रमाण ठरवणारा नॉब) किंचित मागे घेतल्यास आरपीएम थोडे वाढतात, पण उजव्यावरची थरथर जात नाही. दुपारी सगळेच अधिक बिघडते.

मॅग्नेटो पुन्हा काढून परत पाठवावा, असा आमच्याकडे विचार चालू आहे. त्यापूर्वी आणखी काय पाहावे?

सातपुडा_पायलट

मी प्रशिक्षक वैमानिक आहे, अभियंता नाही, म्हणून माझ्या बाजूने जे दिसते तेवढेच लिहितो. आपल्याकडच्या मे महिन्यातील दुपार या हिशेबात धरलीच पाहिजे. धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फूट उंच आहे असे धरले, तर त्या उंचीवर प्रमाणित तापमान १३ ते १४ अंश असायला हवे. प्रत्यक्षात पारा ४४ वर असतो. तीस अंशांचा हा फरक आणि दर अंशाला सुमारे १२० फूट असा हिशेब केला, तर विमानाच्या दृष्टीने आपण साधारण ४५०० फूट उंचीवर उभे आहोत. हवा विरळ, इंधन मात्र समुद्रसपाटीला जेवढे लागते त्या बेताने येणारे. म्हणजे मिश्रण गरजेपेक्षा दाट. सेस्नाच्या पुस्तिकेत ३००० फुटांपेक्षा उंच धावपट्टीवरून उड्डाण करण्यापूर्वी पूर्ण थ्रॉटलवर मिक्स्चर मागे घेऊन सर्वाधिक आरपीएम मिळवावेत असे सांगितले आहे, ते याच कारणासाठी.

त्याशिवाय प्लगांवर शिसे साचण्याबाबत हे इंजिन पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. १०० एलएल (विमानाचे कमी शिशाचे पेट्रोल) इंधनात लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकते आणि विद्यार्थी टॅक्सी करताना मिक्स्चर पूर्ण पुढे ठेवून मंद गतीवर बराच वेळ घालवतात. मी तरी आधी सकाळी लवकर, थंड हवेत रन-अप घ्यावा आणि मिक्स्चर मागे घेऊन १८०० च्या आसपास थोडा वेळ इंजिन चालवून प्लग स्वच्छ होतात का ते पाहावे असे सुचवीन.

आप्पा_भुसावळ

मी निवृत्त देखभाल अभियंता आहे. सातपुडा_पायलट यांनी उष्णतेचा मांडलेला हिशेब बरोबर आहे आणि दुपारी सगळे अधिक बिघडते याचा काही भाग त्यातून उलगडतो. परंतु उष्णता आणि विरळ हवा दोन्ही मॅग्नेटोंना सारखीच लागू होते. डावा ६० वर थांबतो आणि उजवा १६५ वर जातो, हा फरक हवामानाचा असू शकत नाही. या विमानाला १२५ पेक्षा अधिक ड्रॉप आणि दोन्ही बाजूंत ५० पेक्षा अधिक फरक चालत नाही. इथे दोन्ही मर्यादा ओलांडल्या आहेत. सकाळच्या थंडाव्यात हे आकडे मर्यादेच्या आत आले तरी त्यावर समाधान मानून विमान सोडू नये.

गिरणाकाठ, आपण विचारांचा क्रम विचारलात, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॉडिंग्टन हे जीवशास्त्रज्ञ विमानांच्या बिघाडांचा अभ्यास करीत होते. नियमित तपासणी झाल्याबरोबर अनपेक्षित बिघाडांचे प्रमाण वाढते आणि पुढची तपासणी येईपर्यंत ते हळूहळू कमी होत जाते, असे त्यांना आढळले. तपासणीने विमान ताजेतवाने होते असे आपण धरून चालतो, पण उघडलेली, सैल केलेली, जागेवरून हलवलेली प्रत्येक वस्तू ही दोषाची नवी जागा असते. म्हणून देखभालीनंतर तक्रार आली की पहिला कागद जॉब कार्डचा काढावा आणि शेवटच्या कामापासून उलट दिशेने चालत जावे. ज्या भागाला हात लागलेला नाही, त्याच्यावरचा संशय शेवटी.

आता आपले आकडे पाहू. माझ्या मते येथे एक नव्हे, दोन स्वतंत्र दोष आहेत आणि ते एकच समजल्यामुळे सगळा रोख मॅग्नेटोवर गेला आहे.

पहिला दोष उजव्या बाजूच्या थरथरीचा. ड्रॉप मोठा पण इंजिन गुळगुळीत चालत असेल तर टायमिंग किंवा मिश्रण यांचा संशय घ्यावा. ड्रॉप मोठा आणि थरथर असेल तर एखादा सिलिंडर पेटतच नाही असे समजावे. मॅग्नेटोच्या आतील पॉइंट, कॉइल किंवा कंडेन्सर बिघडला असेल तर त्याचा परिणाम सहसा चारही सिलिंडरांवर होतो. एकच सिलिंडर गार पडत असेल, तर शोध त्या सिलिंडरचा प्लग, त्याची लीड (मॅग्नेटोपासून प्लगाकडे जाणारी तार) आणि वितरकाच्या टोपीतील त्याचे टोक एवढ्यावर येऊन ठेपतो. तो सिलिंडर कोणता हे शोधायला मॅग्नेटो काढावा लागत नाही. इंजिन थंड असताना सुरू करावे, थरथर सर्वांत जास्त जाणवते त्या आरपीएमवर फक्त उजव्या मॅग्नेटोवर सुमारे मिनिटभर चालवावे आणि मिक्स्चर ओढून बंद करावे. मग किल्ली बंद असल्याची खात्री करून चारही एक्झॉस्ट नळ्यांचे तापमान सिलिंडरजवळ इन्फ्रारेड थर्मामीटरने लगेच मोजावे. जी नळी इतरांपेक्षा बरीच गार, तो आपला सिलिंडर. लायकमिंगमध्ये वैमानिकाच्या आसनावरून पाहता पुढचा उजवा १, पुढचा डावा २, मागचा उजवा ३ आणि मागचा डावा ४, हे ध्यानात ठेवावे.

सिलिंडर सापडल्यावर त्याचा उजव्या मॅग्नेटोकडून चालणारा प्लग दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगाशी बदलून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. गारपणा प्लगाबरोबर सरकला तर प्लग खराब. जागेवरच राहिला तर लीड किंवा टोपी. ही चाचणी न करता मॅग्नेटो परत पाठवणे म्हणजे शेतातला पाइप फुटलेला असताना विहिरीवरची मोटार बदलत बसण्यासारखे आहे.

दुसरा दोष पूर्ण थ्रॉटलला कमी पडणाऱ्या शंभर आरपीएमचा. या विमानाची स्थिर रन-अपची मर्यादा २२८० ते २३८० आहे, म्हणजे २२३० हा आकडा स्पष्टपणे खाली आहे. उजव्या बाजूचा एक प्लग न पेटल्याने एवढी घट होत नाही, कारण दोन्ही मॅग्नेटो चालू असताना त्या सिलिंडरला डावीकडचा प्लग पेटवतोच. म्हणजे हे कारण चारही सिलिंडरांना समान असले पाहिजे: हवा, इंधन, थ्रॉटलचा प्रवास किंवा टॅकोमीटर. टॅकोमीटरला हात लागलेला नाही, त्यामुळे तो तूर्त बाजूला ठेवू. थ्रॉटल कार्ब्युरेटरवरील थांब्याला पूर्ण टेकतो का, हे काउलिंग (इंजिनावरचे आवरण) काढून एकदा पाहून घ्यावे.

पण माझा खरा संशय एअरबॉक्सवर आहे आणि त्याचा धागा आपण स्वतःच दिला आहे. कार्ब हीट ओढल्यावर पूर्वी शंभर आरपीएम उतरत आणि आता तीस-चाळीस उतरतात, याचा अर्थ ती न ओढताही थोडी गरम हवा आत जात असावी. गरम हवा विरळ असते, तिच्यामुळे मिश्रण दाट होते आणि शक्ती घटते. मिक्स्चर मागे घेतल्यावर आरपीएम वाढतात तेही याच्याशी जुळते. एअरबॉक्स काढताना कार्ब हीटची केबल सोडली असेल आणि पुन्हा आवळताना एअरबॉक्समधील गरम हवेची झडप पूर्ण बसण्याआधीच नॉब पॅनेलला टेकला असेल, तर नेमके असेच होते. झडप आपल्या जागी टेकल्यानंतरही नॉब आणि पॅनेल यांच्यात थोडी फट उरली पाहिजे. दोन्ही टोकांना झडप प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावी, नॉबच्या हालचालीवरून अनुमान काढू नये.

हे तपासेपर्यंत या विमानाचा रन-अप धुळीत घेऊ नये. कार्ब हीटची हवा फिल्टरमधून येत नाही. आपल्या काळ्या मातीची उन्हाळ्यातली बारीक धूळ अर्धवट उघड्या झडपेतून थेट सिलिंडरात जाते आणि नवा फिल्टर नुसता शोभेला राहतो.

वाघूर_एएमई

आप्पांच्या मांडणीशी मी पूर्ण सहमत आहे. प्लग आणि टायमिंग यांबद्दल काही गोष्टी जोडतो, कारण अलीकडे हेच काम माझ्या हातून सर्वाधिक होते.

प्लग उघड्या हवेत ठिणगी देतो म्हणून तो चांगला असे मानू नये. सिलिंडरातल्या दाबाखाली ठिणगी पडणे अधिक कठीण असते, त्यामुळे दाबाखाली तपासणाऱ्या टेस्टरवरच खरे कळते. मल्टीमीटरने प्लगाचा अंतर्गत रोध मोजावा. ५००० ओहमपेक्षा जास्त आला तर प्लग काढून टाकावा. रोध योग्य असूनही आतील चिनी मातीला केसासारखा तडा असू शकतो, म्हणून भिंगातून आणि चांगल्या उजेडात वरच्या पोकळीतही पाहावे. हातातून जमिनीवर पडलेला प्लग वरून कितीही धड दिसला तरी पुन्हा बसवायचा नाही, ही शिस्त प्रत्येक मदतनिसाला पहिल्याच दिवशी सांगितली पाहिजे, आणि पडल्याचे सांगितले म्हणून त्याला कोणी रागावणार नाही हेही त्याच वेळी सांगितले पाहिजे.

लीडचे टोक प्लगात घालताना बोटे लावू नयेत. मे महिन्यात हँगरमध्ये हाताला घाम असतो आणि तो घाम स्प्रिंगवर व इन्सुलेटरवर ओलाव्याचा थर सोडतो, ज्यातून विद्युतप्रवाह भलत्याच वाटेने जातो. टोके विरघळवणाऱ्या द्रवाने पुसून कोरडी करावीत. प्लग बसवताना तांब्याची नवी गास्केट, आट्यांवर अगदी थोडे अँटी-सीझ आणि ३५ फूट-पौंड टॉर्क.

लीडची अदलाबदल झाली आहे का, हेही एकदा पाहावे. पेटण्याचा क्रम १-३-२-४ असतो, आणि काही मॅग्नेटोंच्या टोपीवरील आकडे सिलिंडरचे नसून पेटण्याच्या क्रमाचे असतात. दोन लीड उलट लागल्या असत्या तर आपल्याला थरथरीपेक्षा पुष्कळ भयंकर काही जाणवले असते, त्यामुळे ही शक्यता कमीच आहे.

टायमिंग पुन्हा पाहण्याची वेळ आली तर प्रोपेलर आधी उलट दिशेला मागे नेऊन मग चालण्याच्या दिशेने आणावा, म्हणजे गिअरमधील ढिलेपणा एका बाजूला जातो. मॅग्नेटोला इम्पल्स कपलिंग (इंजिन सुरू करताना ठिणगी उशिरा देणारी स्प्रिंगची जोडणी) असेल तर त्याचा टक् असा आवाज होऊन ते सुटल्यावरच मोजणी धरावी; ते अडकलेले असताना घेतलेली मोजणी चुकीची असते. ओ-३२० प्रकारच्या अनेक इंजिनांवर २५ अंश असतात आणि त्या सवयीने हात चालतो, म्हणून प्रत्येक वेळी डेटा प्लेट वाचावी. टायमिंगसाठी प्रोपेलर फिरवताना इंजिन कोणत्याही क्षणी पेटेल असे समजूनच उभे राहावे. मॅग्नेटो काढून पुन्हा बसवला आहे, म्हणजे पी-लीड (किल्लीने मॅग्नेटो बंद करणारी तार) सुटून पुन्हा जोडली गेली आहे. ती नीट बसली नसेल तर किल्ली बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो. मंद गतीवर किल्ली क्षणभर बंद करून इंजिन विझू लागते का हे पाहिल्याशिवाय कोणालाही प्रोपेलरजवळ जाऊ देऊ नये.

विमान बरेच दिवस हँगरमध्ये उभे असेल तर डाव्या पंखाखालची इंधन टाकीत हवा येऊ देणारी व्हेंट नळी आणि वेगमापकाची पिटॉट नळी तपासावी. कुंभारीण माशी अशा नळ्यांत मातीचे घर फार लवकर बांधते. आपल्या आजच्या तक्रारीशी याचा संबंध नाही, परंतु व्हेंट बुजलेली असेल तर रन-अप उत्तम होतो आणि इंजिन हवेत गेल्यावर इंधनाविना थांबते.

गिरणाकाठ

आप्पा, वाघूर_एएमई आणि सातपुडा_पायलट, आपल्या सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे मी आमच्या अभियंत्यांना वाचून दाखवली आणि मॅग्नेटो न काढता आधी या दोन चाचण्या घ्याव्यात हे त्यांनी लगेच मान्य केले.

सकाळी थंड इंजिनावर चाचणी घेतली तेव्हा ३ क्रमांकाची नळी इतर तिघींपेक्षा स्पष्टपणे गार निघाली. त्या सिलिंडरचा उजव्या मॅग्नेटोवरचा प्लग १ क्रमांकाशी बदलला आणि इंजिन गार झाल्यावर पुन्हा चालवले, तर गारपणा १ वर सरकला. त्या प्लगाचा रोध योग्य होता आणि उघड्या हवेत तो ठिणगीही देत होता. दाबाखाली मात्र ठिणगी थांबली, आणि भिंगातून वरच्या पोकळीतील इन्सुलेटरला बारीक तडा दिसला. तो तडा काढताना गेला, साफ करताना गेला की बसवताना, हे आता सांगता येणार नाही.

एअरबॉक्सबाबत आप्पांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. नॉब पूर्ण आत असतानाही झडप सुमारे बोटभर उघडी होती. केबलचा क्लॅम्प सोडून झडप जागी टेकवली, नॉबमागे फट ठेवून पुन्हा आवळला आणि दोन्ही टोके डोळ्यांनी पाहिली. आता पूर्ण थ्रॉटलला २३२० मिळतात, कार्ब हीटवर शंभरच्या आसपास ड्रॉप येतो, डावा मॅग्नेटो ६० आणि उजवा ७० देतो, आणि थरथर राहिलेली नाही. दोन्ही दोष टेक लॉगमध्ये (विमानाच्या दोष-नोंदवहीत) स्वतंत्रपणे नोंदवले असून आमच्या अभियंत्यांनी तपासून सेवेत सोडण्याच्या दाखल्यावर सही केली आहे.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. पहिले उड्डाण कसे करावे? आणि झडप उघडी असताना घेतलेल्या रन-अपांत जी धूळ आत गेली असेल, तिचे काय करावे?

सातपुडा_पायलट

एकाच बाजूच्या ड्रॉपबद्दल आप्पांनी केलेला खुलासा मला पटला. थंड हवेत आकडे सुधारले असते तर मी ते विमान नेले असते, आणि तसे करणे योग्य ठरले नसते.

पहिल्या उड्डाणाला विद्यार्थी नको. अनुभवी प्रशिक्षकाने एकट्याने, सकाळच्या थंड हवेत, पूर्ण धावपट्टी हाताशी ठेवून निघावे. धाव सुरू केल्यावर आरपीएम, तेलाचा दाब आणि वेग यांपैकी एकही अपेक्षेप्रमाणे नसेल तर तिथेच थ्रॉटल बंद करावा. नंतर धावपट्टीच्या माथ्यावरच वर्तुळे घेत उंची वाढवावी. इंजिन थांबल्यास हे विमान हजार फुटांवरून वारा नसताना साधारण दीड सागरी मैल तरंगत जाते, त्यामुळे धावपट्टी त्या अंतराच्या आत राहील असेच फिरावे. आपल्याकडे चहूबाजूंना सपाट शेते दिसतात म्हणून कुठेही उतरता येईल असे वाटते, परंतु केळीच्या बागेत किंवा ठिबकच्या नळ्या आणि बांध असलेल्या कपाशीच्या रानात उतरणे सोपे नसते. उतरल्यावर काउलिंग काढून तेल, इंधन, केबलचा क्लॅम्प आणि प्लगांच्या लीड पुन्हा पाहाव्यात.

आप्पा_भुसावळ

आपण चाचणीचा निकाल इतका नीट नोंदवलात याचे मला समाधान वाटले. मॅग्नेटो परत पाठवला असता तर तो निर्दोष ठरून परत आला असता, तोच तडकलेला प्लग त्याच्या जोडीला राहिला असता आणि मधले सगळे दिवस वाया गेले असते.

धुळीबद्दल सांगतो. एअरबॉक्सची आतली बाजू आणि कार्ब्युरेटरचे तोंड पांढऱ्या कोरड्या कापडाने पुसून पाहावे. कापडावर मातीचा रंग आला तर बोअरस्कोपने (आत घालून पाहण्याच्या दुर्बिणीने) चारही सिलिंडरांच्या भिंती पाहाव्यात आणि कॉम्प्रेशनचे आकडे पुन्हा घेऊन आधीच्या नोंदीशेजारी लिहावेत. कापड स्वच्छ निघाले तरी आताचे तेल नेहमीपेक्षा लवकर, २५ तासांनी बदलावे आणि त्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. अहवालात सिलिकॉनचा आकडा पाहायचा, कारण मातीचा माग तोच देतो. त्याच्या जोडीने लोह आणि क्रोमियम वाढलेले असतील तर ती धूळ रिंगा आणि भिंती घासत आहे असे समजावे. एअरबॉक्सच्या दुरुस्तीत सिलिकॉनयुक्त सीलंट वापरले असेल तर त्यामुळेही हा आकडा फुगतो, म्हणून कोणते सीलंट वापरले ते जॉब कार्डवर आताच लिहून ठेवावे. नमुना इंजिन बंद केल्यावर तेल गरम असतानाच घ्यावा, आणि पहिली धार सोडून देऊन मधल्या धारेतून घ्यावा.